लाल दिव्याला थांबा, पिवळ्याला घाबरू नका!

शुक्रवारची संध्याकाळ. ऐरोलीच्या ऑफिसातून लॉगआउट करून चौघं थेट लोणावळ्याला निघालेत. एसी फुल्ल, गाणी फुल्ल, मागच्या सीटवर वेफर्सची पाकिटं फुटलेली. खालापूरचा टोलनाका मागे पडतो, घाट चढायला लागतो आणि डॅशबोर्डवर अचानक एक लाल दिवा! लाटांमध्ये थर्मामीटर बुडवल्यासारखं चित्र.

‘काय रे ते?’

‘काय माहीत. वर पोचलो की बघू.’

या ‘वर पोचलो की बघू’ची किंमत पाच आकडी असते. इंजिन पूर्ण बसलं तर सहा आकडी. गंमत म्हणजे हीच मंडळी एरवी पिवळा ‘चेक इंजिन’ दिवा दिसला की ऑफिसला दांडी मारून सर्व्हिस सेंटर गाठतात. म्हणजे सगळा कारभार उलटा. जिथे दोन मिनिटांत थांबायला हवं तिथे आपण रेटतो आणि जिथे दोन दिवस चालतं तिथे आपल्याला धडकी भरते.

खरं तर गाडी रंगातूनच सांगत असते. हिरवा किंवा निळा म्हणजे काहीतरी चालू आहे, एवढंच. पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या. लाल म्हणजे आत्ता, इथे, बाजूला. सिग्नलचाच नियम, फक्त सिग्नलचा आपण जितपत पाळतो त्यापेक्षा जरा जास्त मनावर घ्यायचा!

तीन लाल दिवे

पहिला वरच्या चौघांचा, टेंपरेचरचा. हल्लीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांमध्ये टेंपरेचरचा काटाच नसतो. सकाळी गाडी थंड असताना निळा दिवा, थोड्या वेळाने तो विझतो आणि मग एकदम संकटाच्या वेळी लाल. मधलं काहीच कळत नाही. ज्यांच्याकडे काटा आहे त्यांना थोडी सवलत असते. काटा मधल्या खुणेवरून वर सरकायला लागला की एसी बंद आणि हीटर फुल्ल! हो, मे महिन्यातसुद्धा. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच. इंजिनमधलं गरम पाणी तो आपल्याकडे वळवतो. घामाने निथळाल, पण इंजिनला थोडा श्वास मिळेल. लाल दिवा लागला असेल किंवा बॉनेटमधून वाफ येत असेल तर हे प्रयोग करायचे नाहीत. गाडी कडेला घ्या, पूर्ण थांबवा आणि मगच इंजिन बंद करा. चालत्या गाडीत किल्ली फिरवू नका, स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकही दोन-तीन दाबांनंतर दगडासारखा होतो.

त्यानंतरचा मोह म्हणजे रेडिएटरचं झाकण. ते उघडायचं नाही म्हणजे नाही! आतलं पाणी दाबाखाली असतं, त्यामुळे ते १०० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर. किमान अर्धा तास चहा प्या, फोटो काढा, भांडा, काहीही करा. गरम इंजिनवर बाटलीतलं गार पाणी ओतणं हाही वेडेपणाच, धातू तडकू शकतो. इंजिन थंड झालं की टाकीतली पातळी बघा. कमी असेल तर अडचणीच्या वेळी साधं पाणी चालतं, नंतर गॅरेजमध्ये कूलंट भरून घ्यायचं.

कुठे तापते यावरूनही बरंच कळतं. ट्रॅफिकमध्ये तापते पण हायवेवर ठीक चालते, मग संशय रेडिएटरच्या पंख्यावर, त्याच्या फ्यूजवर किंवा रिलेवर. कारण उभ्या गाडीला वारा देणारा तोच. शहरात ठीक पण घाटात तापते, मग कूलंट कमी आहे किंवा रेडिएटर चोंदलाय. मेकॅनिकला ‘गाडी गरम होते’ एवढंच सांगण्यापेक्षा हे सांगितलंत तर त्याचा अर्धा तास आणि तुमचे काही पैसे वाचतील. रेटलंत तर काय होतं? हेड वाकतं, हेड गॅस्केट उडतं, पाणी ऑइलमध्ये मिसळतं. डिपस्टिकवर दुधाळ कॉफीसारखं काही दिसलं तर समजा, काम मोठं आहे.

दुसरा लाल दिवा अल्लाउद्दिनच्या चिरागासारखा दिसतो, चोचीतून एक थेंब पडणारा. जिन निघत नाही, इंजिन मात्र जातं. अनेकांना वाटतं, ऑइल थोडं कमी झालंय, रविवारी टॉप-अप करू. पण हा दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलचा दाब पडलाय असं सांगतो. म्हणजे इंजिनचे फिरणारे भाग कोरडे घासतायत. इथे हिशेब किलोमीटरचा नाही, मिनिटांचा. आपल्याकडे याचं एक अगदी देशी कारण म्हणजे रंगवलेला नसलेला स्पीडब्रेकर. खालून ‘खट्’ आवाज येतो, आपण सरकारला शिव्या घालून पुढे जातो आणि चेंबर फुटून ऑइल रस्त्यावर सांडत राहतं. तेव्हा असा आवाज आला की पुढच्या वळणावर उतरून एकदा गाडीखाली बघाच. दिवा लागलाच तर इंजिन बंद, पाच-दहा मिनिटं थांबून सपाट जागेवर डिपस्टिक बघायची. ऑइल कमी असेल आणि भरल्यावर दिवा विझला तर हळू हळू गॅरेज गाठा. पातळी नीट आहे तरी दिवा जळतोय? मग टोचन. ‘जवळच आहे गॅरेज’ असली लालूच नको.

तिसरा लाल दिवा म्हणजे वर्तुळातलं उद्गारचिन्ह, ब्रेक. आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे ना बघा, निम्म्या वेळा तेवढंच असतं. नसेल तर ब्रेक ऑइल कमी आहे. ते आपोआप उडून जात नाही. एक तर पॅड झिजलेत, नाही तर कुठेतरी गळती आहे. पेडल मऊ लागत असेल, नेहमीपेक्षा खोल जात असेल तर विषय संपला, गाडी तिथेच. पिवळ्या ‘एबीएस’ दिव्याशी याची गल्लत करू नका. एकटा एबीएस लागला तर साधे ब्रेक काम करतात, फक्त जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात. पावसाळ्यात चाकाजवळच्या सेन्सरवर चिखल बसूनही तो लागतो. लाल आणि पिवळा दोन्ही एकदम पेटले तर मात्र पुढे जाऊ नका.

एक्सप्रेस वेवर थांबायची वेळ आली तर खरा धोका इंजिनला नाही, तुम्हाला आहे. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात साधारण २८ मीटर कापते. त्यामुळे हॅझार्ड लाइट्स लावा, लाल त्रिकोण गाडीच्या बराच मागे ठेवा आणि सगळ्यांनी उतरून रेलिंगच्या पलीकडे उभं राहा. गाडीत बसून रील्स बघत टो व्हॅनची वाट बघणं, प्लीज, नाही! विम्यासोबत घेतलेल्या रोडसाइड असिस्टन्सचा नंबर आजच फोनमध्ये सेव्ह करा. घाटात नेटवर्क गेल्यावर पॉलिसीची पीडीएफ उघडत नसते.

बॅटरीचा दिवा खोटं बोलतो

चौकोनी डबा, त्यावर अधिक आणि उणे. हाही लालच, पण थोडा वेगळा. चालत्या गाडीत हा लागला की लोक बॅटरी बदलायला धावतात, आणि बहुतेक वेळा दोष बॅटरीचा नसतोच. तो सांगतो की चार्जिंग बंद पडलंय, म्हणजे अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट. आता गाडी फक्त साठवणीवर चालतेय, फोन १५ टक्क्यांवर आल्यासारखी. एसी, म्युझिक, चार्जर सगळं बंद करा आणि गॅरेजला पोचेपर्यंत इंजिन बंद करू नका, परत सुरू होईलच असं नाही. एक अपवाद लक्षात ठेवा. काही गाड्यांमध्ये तोच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो. बॅटरीच्या दिव्यापाठोपाठ टेंपरेचर चढलं तर बेल्ट तुटलाय. थांबा.

सकाळी नऊच्या मीटिंगला निघताना सेल्फ मारल्यावर नुसतंच ‘टिक टिक टिक’ वाजतं, ती मात्र खरंच बॅटरी. आपल्या उन्हात ती तीन-चार वर्षं टिकली तरी भरपूर. शेजाऱ्याकडून जंपर केबल मिळाली तर क्रम पाळा: लाल केबलचं एक टोक मेलेल्या बॅटरीच्या अधिकला, दुसरं चांगल्या बॅटरीच्या अधिकला. मग काळी केबल चांगल्या बॅटरीच्या उणेला आणि तिचं शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. ठिणगी उडालीच तर बॅटरीजवळ नको म्हणून. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी हसू नये. त्यांच्याकडेही साधी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि ती बसली की लाखोंची गाडी दारसुद्धा धड उघडत नाही.

पिवळ्याचं टेन्शन

चेक इंजिन! इंटरनेटवर सर्वाधिक घाबरवणारा दिवा. स्थिर पिवळा असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर ऑफिसला जा आणि या आठवड्यात दाखवून घ्या. लुकलुकत असेल आणि गाडी धक्के देत असेल तर वेग कमी करून थांबण्याची जागा शोधा. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळत नाहीये आणि ते कच्चंच सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतंय. शंभर-दोनशेचा स्पार्क प्लग वाचवायला जाऊन हजारो रुपयांचा कन्व्हर्टर घालवायचा, हा व्यवहार काही बरा नाही. अमेरिकन व्हिडिओ बघून पेट्रोलचं झाकण घट्ट करत बसू नका. झाकणातून वाफ गळते का, ही तपासणी आपल्याकडच्या सगळ्याच गाड्यांत नसते.

दिवा लागला की गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये एक कोड साठतो. ‘पी ०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. हा कोड वाचणारं ब्लूटूथ यंत्र हजार रुपयांच्या आसपास मिळतं, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचं आणि फोनवर बघायचं. घेतलं नाहीत तरी चालेल, पण सर्व्हिस सेंटरमध्ये ‘सर, सेन्सर गेलाय’ ऐकलं की आधी कोड विचारा आणि स्क्रीनचा फोटो काढा. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असं नाही, कधी तो बिचारा दुसऱ्याची चुगली करत असतो. बदललेला जुना पार्ट मागून घ्या. आणि बॅटरीची वायर काढून लावून दिवा घालवणारा मेकॅनिक भेटला तर त्याचे आभार मानू नका. त्याने दोष नाही, पुरावा घालवलाय.

पावसाळ्यात या दिव्यामागे अजून एक गुन्हेगार निघतो: उंदीर! पार्किंगमधल्या उबदार बॉनेटखाली शिरतात आणि वायरी कुरतडतात. कोड काहीही दाखवो, आधी बॉनेट उघडून बघा.

आता डिझेलवाल्यांसाठी. १ एप्रिल २०२०ला बीएस सहा लागू झालं आणि नव्या डिझेल गाड्यांमध्ये काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ, नेहमीचाच झाला. हा फिल्टर स्वतःला साफ करतो, आत काजळी जाळून. त्यासाठी तो तापावा लागतो आणि तापण्यासाठी गाडी सलग पळावी लागते. कोथरूड ते हिंजवडी बंपर-टू-बंपर, दिवसातून दोनदा, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये! कसा तापणार? मग ठिपक्यांनी भरलेल्या डब्यासारखा पिवळा दिवा लागतो. उपाय फुकट आहे. मॅन्युअलमध्ये आधी बघा, पण साधारणपणे मोकळ्या हायवेवर १५-२० मिनिटं, ताशी ६०च्या वर, खालच्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमच्या आसपास सलग चालवायची. दिवा विझतो. दुर्लक्ष केलंत तर गाडी ताकद कमी करते आणि मग सर्व्हिस सेंटरच्या मशीनवर साफसफाई. रोज फक्त आठ-दहा किलोमीटर ट्रॅफिकमध्ये जायचं असेल तर डिझेल घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक दिवा जो लागतच नाही

पाण्यात गाडी बंद पडते तेव्हा डॅशबोर्ड काही सांगत नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ती पुराची आठवण मुंबईकर विसरलेले नाहीत. तरीही दर जुलैत तुंबलेल्या रस्त्यात बंद पडलेल्या गाडीला कुणीतरी पुन्हा पुन्हा सेल्फ मारताना दिसतं. हवेच्या वाटेने इंजिनात पाणी शिरलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी बंद पडली की किल्ली काढा, ढकलून बाहेर आणा आणि टो करा. आणि साध्या विम्यात हे इंजिन साधारणपणे भरून मिळत नाही, त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ कव्हर वेगळं घ्यावं लागतं. ते जूनच्या आधी घ्या.

सेकंडहँड गाडी बघायला जाणाऱ्यांनी पेंट आणि सीट कव्हर नंतर बघावं. आधी इग्निशन ऑन करा, इंजिन सुरू न करता. ऑइल, बॅटरी, चेक इंजिन, एअरबॅग, एबीएस सगळे दिवे लागायला हवेत आणि गाडी सुरू केल्यावर काही सेकंदांत विझायला हवेत. एखादा विझला नाही तर भाव कमी करून मागा. एखादा मुळात लागलाच नाही, तर तो कुणीतरी मुद्दाम बंद केलेला असू शकतो. चहा पिऊन निघा, व्यवहार करू नका.