नेट झिरो म्हणजे नक्की कशाचं झिरो?

ज्यांना आजचा एपिसोड ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी तो इथे लिहून देतोय.

विषय सुचला माझ्या रूममेटमुळे. दिवाळीचा बोनस हातात आला आणि त्याने मला एका एनर्जी कंपनीचा रिपोर्ट पाठवला. कव्हरवर पवनचक्क्या, हिरवीगार शेतं आणि मोठ्या अक्षरात 'नेट झिरो'. खाली मेसेज: "यात पैसे टाकू का रे? पर्यावरणासाठी चांगलं काम करतायत ना?"

मी शनिवारची अख्खी दुपार त्या पीडीएफमध्ये घालवली. खोटं असं काही सापडलं नाही. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तरही सापडलं नाही. असं का होतं, तेच आज बघू.

पहिली गोष्ट: हिशोबात काय धरलंय?

कंपन्या आपलं उत्सर्जन तीन भागांत मोजतात. स्कोप १ म्हणजे स्वतःच्या भट्ट्या, चिमण्या, गाड्या. स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज. आणि स्कोप ३ म्हणजे बाकी सगळं. त्यात कंपनीने विकलेलं पेट्रोल तुम्ही-आम्ही जाळतो, तेही आलं.

एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. स्कूटरमध्ये ५ लिटर टाकलंत, तर झाले साडेअकरा किलो. तेल कंपन्यांच्या बाबतीत सगळ्यात मोठा वाटा याच टप्प्यावर असतो.

आता भारत पेट्रोलियमचं बघा. मुख्यालय मुंबईत, रिफायनरी माहूलला. त्यांचं लक्ष्य आहे २०४० पर्यंत नेट झिरो, पण स्कोप १ आणि २ साठी. कंपनी हे लपवत नाही, स्पष्ट सांगते. पण नुसती हेडलाइन वाचणाऱ्याला वाटतं, सगळंच शून्य होणार. तुमच्या टाकीतले ते साडेअकरा किलो त्या शून्यात धरलेलेच नाहीत.

दुसरी गोष्ट: कमी झालं, की दुसऱ्याच्या वहीत गेलं?

२०२० मध्ये बीपीने अलास्कामधला आपला तेलाचा व्यवसाय हिलकॉर्प या कंपनीला विकला. सौदा ५.६ अब्ज डॉलरचा. अशी विक्री झाली की विकणाऱ्याच्या रिपोर्टमधलं उत्सर्जन खाली येतं. पण विहिरी चालूच राहतात, फक्त मालक बदलतो. हवेला त्याने काय फरक पडला?

तिसरी गोष्ट: एकूण की प्रति युनिट?

समजा एक कंपनी १०० युनिट वीज बनवते आणि १०० किलो कार्बन सोडते. पुढे ती १५० युनिट बनवते आणि १२० किलो सोडते. प्रति युनिट उत्सर्जन २० टक्के घटलं, म्हणून रिपोर्टमध्ये हिरवा बाण. पण एकूण उत्सर्जन २० टक्के वाढलं! दोन्ही आकडे खरे आहेत. मोठ्या अक्षरात कुठला छापायचा, ते कंपनी ठरवते.

चौथी गोष्ट: मोजलं की अंदाज केला?

तेल आणि गॅसच्या धंद्यात मिथेनची गळती हा मोठा प्रश्न. २० वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. पण अनेकदा गळती प्रत्यक्ष मोजतच नाहीत. व्हॉल्व्ह किती, पंप किती, त्याला एक ठरावीक आकडा गुणायचा, झालं. सरकारी आकडेही बऱ्याच अंशी अशाच गुणाकारावर उभे असतात. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने (आयईए) सांगितलं की ऊर्जा क्षेत्रातलं मिथेन देशोदेशींच्या सरकारांनी कळवलंय त्यापेक्षा सुमारे ७० टक्के जास्त आहे.

मग नियम नाहीत का?

आहेत की. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना 'बीआरएसआर' नावाचा रिपोर्ट सक्तीचा केला. त्यात स्कोप १ आणि २ मुख्य भागात येतात. स्कोप ३ मात्र ऐच्छिक भागात ठेवला. म्हणजे तेल कंपनीचा सगळ्यात मोठा आकडा द्यायचा की नाही, हे तिच्याच मर्जीवर. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे चांगलंच ओळखीचं आहे: सगळ्या टेस्ट पास, कारण अवघड टेस्ट लिहिलीच नव्हती.

पण या रिपोर्टचा एक मोठा फायदा आहे. फॉरमॅट सगळ्यांना एकच, त्यामुळे दोन कंपन्या शेजारी ठेवून बघता येतात. तेव्हा कव्हर सोडा, थेट पीडीएफमध्ये 'स्कोप ३' सर्च करा. आकडा आहे का? एकूण उत्सर्जन गेल्या वर्षीपेक्षा वाढलं की घटलं? काही विकून टाकलंय का? आकडे बाहेरच्या कुणी तपासलेत का? फोनवर दहा मिनिटांचं काम आहे.

रूममेटला मी 'टाक' म्हणालो नाही आणि 'टाकू नको' असंही म्हणालो नाही. एवढंच सांगितलं, की नफ्यासाठी टाकायचे तर तो हिशोब वेगळा कर. पण पर्यावरणासाठी म्हणून टाकणार असशील, तर आधी हे चार प्रश्न विचार. त्याने विचारले. बोनस अजून बँकेतच आहे.

तुम्ही कुठला रिपोर्ट उघडून बघितलात, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!