मोंतोनेच्या माणसांचे ऋण

परक्या भूमीवर मरण पावलेल्या सैनिकाबाबत राज्यसंस्थेची कर्तव्ये बहुधा ठरलेली असतात: मृत्यूची वार्ता कुटुंबाला कळवणे, शौर्यपदक जाहीर झाले असल्यास ते सन्मानाने प्रदान करणे, निवृत्तिवेतन सुरू करणे आणि त्याचे नाव कोठेतरी कोरून ठेवणे. मात्र त्या नावापाशी कोणी पिढ्यान्‌पिढ्या येऊन उभे राहावे, हे कोणत्याही नियमाने घडवून आणता येत नाही. ते जेथे घडते, तेथे स्वेच्छेने पुढे आलेल्या सामान्य नागरिकांमुळेच घडते. रायगड जिल्हा अशा काही नागरिकांचा ऋणी आहे आणि ते राहतात इटलीत, उंब्रिया प्रांतातील मोंतोने नावाच्या डोंगरमाथ्यावरच्या लहानशा गावी. त्यांनी ज्याचे स्मरण जपले, तो सैनिक माणगाव तालुक्यातील पळसगावचा होता.

यशवंत घाडगे यांचा जन्म १९२१ सालचा. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा असे होते; रायगड हे नाव त्याला १९८१ मध्ये मिळाले. अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यामागे, सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत पसरलेल्या माणगाव, महाड आणि पोलादपूर या भागांतून मराठा पलटणींमध्ये भरती होण्याची परंपरा जुनी असून, महाड तालुक्यातील एका गावाच्या तर नावालाच ‘फौजी’ हे विशेषण कायमचे जोडले गेले आणि ते फौजी आंबवडे म्हणून ओळखले जाऊ लागले. घाडगे हे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत ‘नाईक’ होते, म्हणजे मोजक्या सैनिकांच्या ‘सेक्शन’ या लहान तुकडीचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. दहाव्या भारतीय डिव्हिजनमधील ही पलटण १९४४ च्या उन्हाळ्यात तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यातून, एकेक टेकडी जर्मनांकडून हिसकावून घेत, उत्तरेकडे सरकत होती.

१० जुलै १९४४ रोजी अगदी जवळून झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात घाडगे यांच्या तुकडीतील इतर सर्वजण ठार किंवा जखमी झाले. एकटे उरलेले घाडगे थेट त्या मशीनगनवर चालून गेले, हातबॉम्ब फेकून त्यांनी ती आणि ती चालवणारा सैनिक निकामी केला, आणखी एकाला गोळी घातली आणि मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, बदलण्याइतकाही अवधी नसल्याने बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांशी झुंज देत त्यांना ठार केले. त्यानंतर लपून नेम धरणाऱ्या शत्रूच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे पदक मरणोत्तर देण्यात आले. १८५६ मध्ये सुरू झालेले हे ब्रिटिश साम्राज्याचे सर्वोच्च युद्धपदक भारतीय सैनिकांसाठी १९११ पर्यंत खुलेही नव्हते.

पदक घरी आले, देह मात्र आला नाही. महायुद्धात पडलेल्यांचे देह मायदेशी न नेण्याचे ब्रिटिश धोरण होते. शिवाय ज्यांची कबर किंवा दहनस्थान निश्चित सांगता येत नव्हते, त्यांची नावे सामुदायिक स्मारकांवर कोरली जात. घाडगे यांचे नाव अशाच एका स्मारकावर, कासिनो येथे, ४,००० हून अधिक नावांमध्ये आहे. मृताचा देहच हाती न लागल्यास पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिच्यावर अंत्यसंस्कार करण्याचा पालाशविधी धर्मशास्त्राने सांगितला आहे. असा विधी सांगण्याची गरज शास्त्राला भासली, यावरूनच देहावाचून केलेला शोक किती अधुरा राहतो हे उमगावे. ज्या आईबापांना आणि पत्नीला अस्थी विसर्जित करण्याचेही समाधान लाभत नाही, त्यांच्यासाठी ‘तो जिथे पडला ती जागा कोणी तरी ओळखते’ ही जाणीव लहान नसते.

ही जागा ओळखण्याचे काम मोंतोनेच्या लोकांनी केले. तेथील नगरपालिका आणि इटलीच्या लष्करी इतिहासाचे अभ्यासक यांनी मिळून जुलै २०२३ मध्ये ‘व्हिक्टोरिया क्रॉस यशवंत घाडगे छायायंत्र स्मारक’ उभारले. छायायंत्र म्हणजे सावलीवरून वेळ दाखवणारे घड्याळ, ज्याला किल्ली द्यावी लागत नाही. त्यावरील लॅटिन बोधवाक्याचा आशय असा, की सारी माणसे एकाच सूर्याखाली जगतात. अनावरणाला भारताच्या राजदूत नीना मल्होत्रा यांच्यासह इटलीचे नागरिक आणि सैनिक मोठ्या संख्येने उपस्थित होते. भारतीय सेनेच्या वतीने तेथे एक पाटीही बसवण्यात आली. इटलीतील मोहिमेत ५०,००० हून अधिक भारतीय सैनिक लढले, त्यांपैकी ५,७८२ जणांनी प्राण गमावले आणि त्या मोहिमेत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांनी मिळवले.

या स्मारकाचे मोल समजण्यासाठी एक अवघड गोष्ट लक्षात घ्यावी लागते. घाडगे यांनी ज्या साम्राज्यासाठी शस्त्र धरले, त्याच साम्राज्याविरुद्ध त्यांच्या जिल्ह्यातील लोक लढत होते. १९३० मध्ये उरणजवळच्या चिरनेर येथील जंगल सत्याग्रहात गोळीबार होऊन माणसे हुतात्मा झाली होती. त्यामुळे महायुद्धातील मृतांना स्वातंत्र्योत्तर स्मृतीत कोठे ठेवावे, याविषयी संकोच राहिला आणि तो समजण्यासारखा आहे. माणगावात घाडगे यांचा पुतळा उभा राहिला, ही म्हणूनच मोलाची गोष्ट आहे. पण संकोचाचा भार अखेर मृतांच्या घरच्यांनाच सोसावा लागला, हे नाकारता येत नाही. मोंतोनेच्या लोकांसमोर हा पेच नव्हता: त्यांच्या खोऱ्यातून जर्मन सैन्य हटवताना कोकणातला बावीस वर्षांचा मुलगा मेला, एवढे त्यांना पुरेसे होते, आणि जवळजवळ ऐंशी वर्षांनंतरही ते स्मरावे असे त्यांना कोणीही भाग पाडलेले नव्हते.

युरोपात अशा स्वेच्छासेवेची इतरही उदाहरणे आहेत. बेल्जियममधील ईपर येथे, जेथील मेनिन गेटवर अनेक भारतीयांची नावे आहेत, १९२८ पासून दररोज संध्याकाळी आठ वाजता बिगुलावर अखेरची सलामी वाजवली जाते. जर्मन ताब्याची वर्षे सोडली तर हा क्रम जवळजवळ अखंड चालू आहे. नेदरलँड्समधील मार्ग्रातेन येथे अमेरिकी सैनिकांची एकेक कबर स्थानिक कुटुंबांनी दत्तक घेतली असून तिची जबाबदारी पुढील पिढीकडे सोपवली जाते.

रायगडातही सेवेची वाट उपलब्ध आहे. ७ डिसेंबर हा १९४९ पासून सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जातो, त्या निमित्ताने जमणारा निधी वीरपत्नी, वीरमाता, वीरपिता आणि माजी सैनिक यांच्या कल्याणासाठी वापरला जातो, आणि लहान ध्वज घेऊन तो गोळा करण्यात विद्यार्थ्यांचाही हातभार लागत आला आहे. मात्र मोंतोनेच्या ऋणाची उतराई व्हायची असेल, तर त्याहून अधिक नेमके असे एक काम येथील शिक्षकांना, माजी सैनिकांना आणि इतिहासप्रेमींना करण्यासारखे आहे. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या, म्हणजे १९१७ मध्ये स्थापन झालेल्या आणि दोन्ही महायुद्धांतील मृतांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, सर्वांसाठी खुल्या नोंदवहीत अनेक भारतीय सैनिकांच्या नावापुढे वडिलांचे नाव, गाव आणि ‘कुलाबा’ असा जिल्हा लिहिलेला असतो. ही गावे त्या काळच्या कारकुनांनी कानावर पडतील तशी इंग्रजीत उतरवलेली असल्याने परक्या अभ्यासकाला ती ओळखता येत नाहीत. माणगाव-महाडकडच्या माणसाला मात्र उच्चारावरून वाडी कोणती आणि भावकी कोणती हे सांगता येईल, आणि आज तेथे राहणाऱ्या नातवंडांपर्यंत कासिनोच्या त्या स्मारकावरील नावाची माहिती पोहोचवता येईल.