झोप उडाली की दुखणं वाढतं

दिवाळी झाली की वडसा-आरमोरी पट्ट्यात झाडीपट्टी नाटकांचा सीझन सुरू होतो. रात्री पडदा उघडतो आणि नाटक संपेपर्यंत पार उजाडतं. दुसऱ्या दिवशी कॉलेजात पहिल्या तासाला निम्मा वर्ग पेंगत असतो. त्या दिवशी एक गोष्ट कधी जाणवलीय का? बेंचचा कोपरा मांडीला लागला तर नेहमीपेक्षा जास्त कळ येते. डोकं जड, पाठ धरलेली, अंग नुसतं ठणकत असतं.

हा मनाचा खेळ नाही. २०१९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलेतल्या संशोधकांनी धडधाकट तरुण मुलामुलींना एक रात्र जागं ठेवलं आणि सकाळी त्वचेला उष्णता देऊन बघितली. झोप झालेली असताना जेवढी उष्णता ते सहज सोसत होते, त्याहून कमी उष्णतेला आता ‘दुखतंय’ म्हणायला लागले. मेंदूच्या स्कॅनमध्ये दोन गोष्टी दिसल्या. दुखणं टिपणारा भाग जास्त भडकला होता आणि ते दुखणं शांत करायला मदत करणारे भाग सुस्तावले होते.

ही एका रात्रीची कथा. आता अशा माणसाचा विचार करा, ज्याच्या महिनोन् महिने रात्री अशाच जातात आणि ज्याला एचआयव्ही आहे.

एचआयव्हीवरची एआरटी औषधं आपल्याकडे २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. गोळ्या नियमित घेतल्या तर विषाणू दबून राहतो आणि माणूस शेतात, दुकानात, ऑफिसात कामं करत वर्षानुवर्षं जगतो. पण विषाणू दबला म्हणजे अंगदुखी गेली, असं होत नाही. जगभरातल्या अभ्यासांचे आढावे सांगतात, की एचआयव्हीसह जगणाऱ्या निम्म्याहून जास्त लोकांना दुखण्याचा त्रास असतो आणि निम्म्याहून जास्त लोकांना झोपेचा. तळपायाची आग आणि मुंग्या ही त्यातली नेहमीची तक्रार. विषाणूमुळे नसांना इजा होते. स्टॅव्ह्युडिन या जुन्या गोळीनेही अनेकांच्या नसा दुखावल्या, आता ती वापरातून गेलीय. टीबीच्या आयसोनियाझिड गोळीनेही हा त्रास होऊ शकतो, म्हणून तिच्याबरोबर बी-६ देतात.

झोप का जाते, याची कारणं मात्र गोळ्यांपुरती नाहीत. पूर्वीच्या एफाविरेंझने विचित्र, खरीखुरी वाटणारी स्वप्नं पडायची. आता बहुतेकांना डोल्युटेग्राविर असलेली गोळी मिळते. ती बऱ्याच जणांना सोसते, पण काहींची झोप तिनेही उडते. मग डॉक्टर रात्रीची गोळी सकाळी घ्यायला सांगू शकतात. एवढा साधा बदल! पण डॉक्टरला झोपेचं सांगितलंच नाही, तर तो होणार कसा?

बाकीची कारणं आपल्या आसपासचीच आहेत. मोहफुलं वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला पहाटे अंधारात निघावं लागतं. धान लोंबीवर आलं की रानडुकरांसाठी शेतात जागली. मे महिन्यात नदीपलीकडचं ब्रह्मपुरी राज्यातल्या सगळ्यात तापलेल्या गावांत असतं, आरमोरी तरी किती थंड राहणार? आणि या सगळ्याच्या वर भीती. गोळ्यांची बाटली कुणी बघेल का, एआरटी केंद्राच्या रांगेत गावातलं कुणी भेटेल का, मुलीच्या लग्नात विषय निघेल का. दिवसा कामात हे विचार दबून राहतात आणि अंथरुणावर पडलं की सुरू होतात.

दुखतं म्हणून झोप येत नाही, हे कुणालाही कळतं. उलटी बाजू आपल्याला दिसत नाही. २०१३ साली झोप आणि दुखणं यांवरच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा आला. त्यातून असं दिसलं, की दुखण्यावरून झोपेचा अंदाज जितका बांधता येतो, त्यापेक्षा बिघडलेल्या झोपेवरून पुढच्या दुखण्याचा अंदाज जास्त खात्रीने बांधता येतो. म्हणजे ज्याला आपण दुखण्याचा परिणाम समजतो, ते दुखणं वाढवणारं कारणही असू शकतं.

हे माहीत नसलं की काय होतं? ‘रोगच अंगात भिनलाय, आता दुखणारच’ असं माणूस धरून चालतो. मेडिकलमधून पेनकिलर आणतो, कुठेतरी सलाईन लावून घेतो. झोप यावी म्हणून मोहाची घेतो. दारूने डोळा लागतो खरा, पण मध्यरात्रीनंतर झोप तुटत राहते आणि सकाळी अंग आणखी दुखतं. सगळ्यात वाईट म्हणजे ‘गोळ्या लागू पडत नाहीत’ असं वाटून एआरटीच सोडून देतो. तिथून मात्र खरा धोका सुरू होतो, कारण दबलेला विषाणू पुन्हा वर येतो.

झोपेवर उपाय आहेत. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशासाठी गोळीआधी बोलून करायचा उपचार सुचवला. उठायची वेळ रोज एकच ठेवायची, झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही, दिवसा लांब डुलकी काढायची नाही, असं त्यात शिकवतात. पहाटे चारला तेंदूला जाणाऱ्या बाईला हे जसंच्या तसं कसं जमणार, हा प्रश्न आहेच. पण एआरटी केंद्रात समुपदेशक असतात, त्यांच्याशी बोलून तिच्या दिवसात बसेल तेवढं ठरवता येतं.

आपल्या कॉलेजांतले रेड रिबन क्लब १ डिसेंबरला रॅली काढतात, पोस्टर लावतात. एचआयव्ही कसा होतो, हे आपल्याला पाठ आहे. तो झालेला माणूस रात्री झोपतो कसा, हे एकाही पोस्टरवर मी वाचलेलं नाही. एचआयव्ही असलेला माणूस तुमच्या घरात, होस्टेलच्या खोलीत असू शकतो. तुम्ही स्वतःही असू शकता. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या कायद्याने कुणाची एचआयव्ही स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही, आणि शिक्षण किंवा नोकरीत त्यावरून भेदभावही करता येत नाही. म्हणून रूममेटच्या बाटलीवरचं लेबल वाचायला जाऊ नका.

आणि त्रास तुम्हालाच होत असेल, तर पुढच्या वेळी एआरटी केंद्रात जाण्याआधी आठ दिवस वहीच्या मागच्या पानावर लिहा : किती वाजता पडलो, कितीदा उठलो, सकाळी दुखणं दहापैकी किती, गोळी किती वाजता घेतली. ॲसिडिटीची, कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी चालू असेल तर तीही लिहा, कारण डोल्युटेग्राविरबरोबर त्यांच्या वेळा सांभाळाव्या लागतात. ते पान डॉक्टरांपुढे ठेवा. नाव न सांगता आधी फोनवर विचारायचं असेल तर एचआयव्हीची हेल्पलाइन १०९७ आहे, आणि रात्री मन फारच पोखरत असेल तर टेली-मानसचा नंबर १४४१६.