तळ्याकाठची सावकाश पावले

साठी ओलांडलेल्या माणसाला दवाखान्यातून बाहेर पडताना एक सल्ला हमखास मिळतो : ‘रोज चालत जा.’ सल्ला योग्यच असतो. परंतु गुडघा कुरकुरत असतो, चढावर दम लागतो आणि उद्यानातील गोल वाटेवर मागून येणारी तरणी मंडळी झपाझप पुढे निघून जातात. दर पाच मिनिटांनी बाकावर टेकावे लागणाऱ्याला मग वाटेचाच संकोच वाटू लागतो. चालणे आधी एक दिवसाआड होते, पुढे आठवड्यावर जाते आणि एके दिवशी बंद पडते. आपल्या घरी असे घडले असेल, तर पक्षी पाहत चालण्याचा विचार अवश्य करावा. या चालण्यात थांबावेच लागते. जो थांबत नाही त्याला पक्षी दिसत नाही. दहा पावले टाकून पाच मिनिटे उभा राहणारा माणूस येथे मागे पडलेला नसतो.

हा छंद तरुणपणीच लागावा लागतो, असेही नाही. डॉ. सालिम अली यांचे आत्मचरित्र १९८५ मध्ये, त्यांच्या वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर प्रसिद्ध झाले, हे खरे असले तरी ते आयुष्यभराचे अभ्यासक होते. आपल्याला तेवढे काही साधायचे नाही. उलट, आज सत्तरीत असलेल्या अनेकांकडे एक ठेव आधीपासूनच आहे. टिटवी, भारद्वाज, कोतवाल, होला, सातभाई, भोरड्या, वेडा राघू ही नावे त्यांनी पुस्तकातून पाठ केलेली नाहीत. ती त्यांना बांधावर, परसात, आजोळी मिळालेली आहेत. नातवंडांना इंग्रजी नाव ठाऊक असते, आजीला मराठी. दोघांना एकाच पक्ष्यापाशी आणून उभे केले की पुढचा अर्धा तास कोणालाही करमणूक शोधावी लागत नाही.

जागेची निवड मात्र विचारपूर्वक करावी. पक्षीनिरीक्षण म्हटले की रान, पहाट आणि अंधारात निघणे डोळ्यांसमोर येते. झाडीतले पक्षी सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत चंचल असतात आणि ऊन चढले की दडून बसतात, म्हणून ही घाई. पण डिसेंबर-जानेवारीतील पहाटेची थंडी हृदयविकार किंवा दमा असलेल्यांना मानवत नाही. शहरांजवळ धुरकेही त्याच वेळी जमिनीलगत साचलेले असते. पाणपक्ष्यांचे तसे नाही. बदके, बगळे, पाणकावळे, वारकरी आठ-साडेआठच्या कोवळ्या उन्हातही पाण्यावर तितकेच निवांत दिसतात. शिवाय ते उघड्यावर आणि जवळजवळ नजरेच्या पातळीत असतात. मान वर करून पानांत डोळे खुपसावे लागत नाहीत. म्हणून ज्येष्ठांनी आरंभ रानापासून न करता तलावापासून करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुणेकरांना पाषाणचा तलाव जवळचा. सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरच्या अलीकडे कवडीपाट येथे मुळा-मुठेवर बंधारा आहे. तेथील पाण्याला वास येतो, फेसही दिसतो आणि नदीची ही अवस्था पाहून मन विषण्ण होते; तरीही हिवाळ्यात चक्रवाक, शेकाट्या, धोबी, नदीसुरय यांची तेथे वर्दळ असते. त्या पाण्यात हातपाय मात्र बुडवू नयेत. भिगवण पुण्यापासून सुमारे शंभर किलोमीटर. उजनीच्या फुगवट्यातले रोहित पाहण्यासाठी लोक तेथे जातात, पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रोहित उथळ पाण्यात उभा राहून, चोच उलटी बुडवून खाद्य गाळून घेतो. धरण काठोकाठ भरलेले असताना त्याला उभे राहायला जागाच नसते. पाणी ओसरू लागले की तो काठाशी दिसू लागतो. म्हणून तेथे जाण्यापूर्वी पाण्याची पातळी स्थानिक नावाड्यांना दूरध्वनीवर विचारावी. होडीत चढता-उतरताना तोल जाण्याचा धोका मोठा असतो. गुडघे किंवा तोल कमकुवत असेल, तर होडीचा मोह सोडून काठावरच खुर्ची टाकावी. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर हे रामसर यादीत गेलेले महाराष्ट्रातील पहिले पाणथळ क्षेत्र. तेथे निरीक्षण मनोरे आहेत. मनोऱ्यावर चढलेच पाहिजे, असा कुठलाही नियम नाही; खालूनही पुष्कळ दिसते. आणि यांपैकी काहीही जवळ नसेल, तरी गावाबाहेरचा पाझर तलाव असतोच. टिबुकली, खंड्या आणि राखी बगळा यांना प्रसिद्ध तलावच लागतो असे नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या छंदातला खरा धोका साप किंवा काटे यांचा नाही. तो पडण्याचा आहे. पक्षी वर असतो, पाय खाली असतात आणि नजर एकाच वेळी दोन्हीकडे राहू शकत नाही. म्हणून एक शिस्त अंगी बाणवावी : चालताना पाहायचे नाही, पाहताना चालायचे नाही. आवाज आला, हालचाल दिसली, की आधी दोन्ही पाय सपाट जमिनीवर टेकवून थांबावे, काठी रोवावी आणि मगच मान उचलावी. दूरचे व जवळचे एकाच भिंगातून दाखवणारा चष्मा असेल, तर खाली पाहताना पायाजवळची जमीन भिंगाच्या जवळच्या भागातून धूसर दिसते. पायरी किंवा बांध उतरताना हनुवटी खाली घेऊन वरच्या भागातून पाहावे. मान मागे टाकली की काहींना भोवळ येते. त्यांनी उंच झाडाच्या बुंध्याशी उभे राहू नये. जितके दूर जाल तितकी मान कमी वळवावी लागते.

सोबत जाणाऱ्यांसाठीही यात एक सूचना आहे. ‘ते बघा, ते बघा!’ असे म्हणत अचानक वर बोट दाखवू नका. बाबा गर्रकन वळतात आणि तोल जातो. आधी त्यांचा दंड धरा, ‘थांबू या’ म्हणा, मग दिशा सांगा.

दुर्बिणीबद्दल हौसेने मोठी चूक होते. दुकानात दहापट मोठे दाखवणारी दुर्बीण आकर्षक वाटते. पण ती हाताचा कंपही दहापट मोठा करते. आठपट पुरेशी आहे. ‘८ × ४२’ मधील दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. हा व्यास मोठा तितका उजेड अधिक, पण वजनही अधिक. मानेचा त्रास असल्यास ‘८ × ३२’ घ्यावी आणि गळ्यातल्या पट्ट्याऐवजी दोन्ही खांद्यांवर भार वाटणारा पट्टा वापरावा. चष्मा लावणाऱ्यांनी डोळ्यांजवळच्या रबरी कडा खाली दुमडाव्यात, नाहीतर दृश्य नळीतून पाहिल्यासारखे अरुंद दिसते. एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल, तर दोन डोळ्यांतला फरक साधणारे दुर्बिणीवरचे कडे पुन्हा जुळवून घ्यावे. हे सारे करूनही चित्र धुक्यातले, पिवळट दिसत राहिले, तर दोष दुर्बिणीचा नसेल; नेत्रतज्ज्ञांना भेटावे.

कानांचेही असेच. वय वाढते तसे प्रथम उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. भारद्वाजाचा घुमणारा हुंकार, होल्याचे घुमणे व्यवस्थित कानी पडते. पण शिंजीर, फुलटोच्या, चष्मेवाला यांची बारीक किलबिल केव्हा थांबली, हे कळतही नाही. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीविज्ञान प्रयोगशाळेचे ‘मर्लिन’ हे मोफत ॲप भोवतालचे आवाज ऐकून पक्ष्यांची नावे पडद्यावर दाखवते. ते अधूनमधून चुकते, तरी त्याचा एक वेगळा उपयोग आहे. नातू म्हणतो, ‘आजोबा, शिंजीर ओरडतोय’, फोनही तेच दाखवतो आणि आपल्याला वारंवार काहीच ऐकू येत नाही, तेव्हा श्रवणचाचणी करून घेण्याची वेळ आली आहे असे समजावे. याकडे दुर्लक्ष करू नये. कमी ऐकू येणारा माणूस हळूहळू संभाषणातून अंग काढून घेतो, आणि स्मृतिभ्रंशाच्या ज्या जोखमींवर उपाय करता येतो त्यांत श्रवणदोषाची गणना वैद्यकतज्ज्ञ करतात.

मनाला होणाऱ्या लाभाविषयी पुष्कळ अतिशयोक्ती कानी येते. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे तेराशे लोकांनी दिवसातून अनेकदा आपली मनःस्थिती मोबाइलवर नोंदवली. पक्षी दिसले किंवा ऐकू आले तेव्हा ती अधिक बरी आढळली, तो प्रभाव काही तास टिकला आणि नैराश्याचे निदान झालेल्यांतही तो दिसला. हे आश्वासक आहे. पण पक्षी पाहू लागलो म्हणून कोणी औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत.

विस्मृतीचा आजार असलेल्या व्यक्तीला सोबत नेताना तर परीक्षा मुळीच घेऊ नये. ‘सांगा पाहू, हा कोण?’ हा प्रश्न तिला पुन्हा एकदा हरवतो. आपणच म्हणावे, ‘टिटवी ओरडते आहे.’ जुन्या आठवणी या आजारात तुलनेने उशिरा पुसल्या जातात. टिटवीमागून शेत, विहीर, आईची हाक असे काही आपोआप येईल, किंवा येणार नाही. न आले तरी ऊन अंगावर आहे आणि सोबत माणूस आहे.

निघण्यापूर्वी काही साध्या गोष्टी पाहाव्यात. मधुमेहींनी उपाशीपोटी जाऊ नये. खिशात साखर किंवा गोळ्या आणि पायांत बंद बूट असावेत. तलावाजवळ स्वच्छतागृह कोठे आहे, हे आधी विचारून घ्यावे. स्वच्छतागृह नाही म्हणून सकाळपासून पाणीच न पिणाऱ्या स्त्रिया आपल्याकडे अनेक आहेत, आणि त्याचा त्रास मागाहून होतो. लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी चालू असेल, तर त्या दिवशी तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. परस्पर चुकवू नये. पहिल्या दिवशी वाहनापासून दोनशे पावलांपेक्षा पुढे जाऊ नये, कारण तेवढेच परतही यायचे असते. छातीत दाब किंवा नेहमीपेक्षा अधिक दम जाणवला, तर बसावे. त्रास ओसरला नाही तर थेट रुग्णालय गाठावे.

एक लहान वही ठेवावी. तारीख, ठिकाण, दिसलेले पक्षी आणि त्याच ओळीत किती वेळ चाललो, कितीदा बसलो, हेही लिहावे. जानेवारीत बंधाऱ्याच्या टोकापर्यंत चारदा बसावे लागत होते आणि मार्चमध्ये दोनदा, ही नोंद डॉक्टरांनाही उपयोगी पडते. आरंभाला ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह सोयीचा. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत तो महाराष्ट्रात पाळला जातो आणि ठिकठिकाणी जाणकारांसोबत फेऱ्या निघतात. मार्चअखेरीस पाहुणी बदके उत्तरेकडे निघून जातात. मग तलावावर जाण्याची घाई नाही. तांबटाची टुकटुक घरातूनही ऐकू येते. मे संपता संपता पहिले ढग येतात आणि त्यांच्याबरोबर काळा-पांढरा, डोक्यावर शेंडी असलेला चातक. तो बहुधा उघड्या फांदीवर किंवा विजेच्या तारेवर बसतो, तेव्हा त्या आठवड्यात गॅलरीतली खुर्ची रस्त्याच्या बाजूला वळवून ठेवावी.