आधी हातात, मग तोंडात

सोलापूर जिल्ह्यातल्या कुर्डुवाडीच्या चारी बाजूंना फळं पिकतात. करमाळ्याकडे कंदरची केळी, पंढरपूरच्या अंगाला द्राक्षं, सांगोल्यात डाळिंब, बार्शीकडे सीताफळ आणि कमी पाण्याच्या माळावर बोर. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याचे शेतकरी नवनाथ कसपटे यांनी तयार केलेला ‘एनएमके-१ गोल्डन’ हा सीताफळाचा वाण पार परराज्यांत लावला गेला. देशातली शंभरावी किसान रेल २८ डिसेंबर २०२० रोजी निघाली ती सांगोल्याहून, थेट बंगालमधल्या शालिमारला. आणि याच मुलखातल्या घरात दीड-दोन वर्षांचं लेकरू केळाचा घास जिभेनं बाहेर ढकलतं. आई म्हणते, “बिस्कीट खातंय, पण फळ म्हटलं की तोंड फिरवतंय बघा.”

अशा वेळी घरातली मोठी माणसं दोन गोष्टी करतात. कुणी मोबाइल समोर धरून नकळत घास सरकवतं, कुणी डोळे वटारतं. दोन्हीमागे मायाच असते. पण दोन्हींमुळे फळाशी मुलाची ओळख होत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे.

आधी भुकेचं गणित पाहू. जन्मल्यावर पहिल्या वर्षात बाळाचं वजन साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढतं. वाढीचा वेग एवढा उतरला की भूकही उतरणारच. काल वाटीभर खाणारं मूल आज दोन घासांवर थांबतं, ते बहुतेक वेळा आजारी नसतं. त्याच सुमाराला ते चालू लागतं, आणि अनोळखी पदार्थाचा संशय घेण्याचं वय सुरू होतं. दिसेल ते तोंडात टाकणारं रांगतं-चालतं मूल जगणं अवघड, म्हणून निसर्गानं ही सावधगिरी ठेवली असावी, असं अभ्यासक मानतात. दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान ती सर्वांत जास्त जाणवते आणि पुढे ओसरते.

फळांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. एका पुड्यातली सगळी बिस्किटं अगदी सारखी लागतात. पेरूचं तसं नाही. कालचा पेरू गोड आणि मऊ होता, आजचा करकरीत आणि तुरट निघतो. केळाला शिरा असतात, पपईला वास असतो, संत्र्याच्या फोडीला चिवट साल असते. ज्या मुलाला खात्री हवी आहे, ते बिस्किटाकडे वळतं यात नवल नाही. म्हणून सुरुवात करताना फळ एकाच ठिकाणचं, सारखं पिकलेलं आणि एकाच पद्धतीनं कापलेलं द्यावं. ओळख झाल्यावर बदल करता येतो.

ही ओळख व्हायला किती वेळ लागतो? अमेरिकेतल्या लीअ‍ॅन बर्च या संशोधिकेनं १९८२ साली दोन वर्षांच्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांना नवी फळं आणि नवी चीज चाखायला दिली, कुठलं दोनदा, कुठलं पाचदा, कुठलं वीस वेळा. जे जास्त वेळा चाखलं, तेच मुलांना जास्त आवडू लागलं. पुढच्या अभ्यासांतून दहा-पंधरा वेळा चाखवावं लागतं असा अंदाज निघाला. आपल्या घरांत मात्र तिसऱ्या नकारानंतर ‘याला पपई आवडत नाही’ असा शिक्का बसतो आणि पपई घरात येणंच बंद होतं. हा शिक्का मारण्याची घाई सर्वांत नुकसानीची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. नकाराला चार दिवस जाऊ द्यावेत आणि तीच पपई पुन्हा ताटलीत ठेवावी, काही न बोलता.

काही न बोलता, हे महत्त्वाचं. बर्च यांच्याच १९८४च्या प्रयोगात, एखादं पेय प्यायल्याबद्दल बक्षीस मिळालेल्या मुलांना ते पेय नंतर कमी आवडू लागलं होतं. ‘पेरू खाल्लास तर चॉकलेट देईन’ म्हटलं की मुलाला कळतं, पेरू ही सोसायची गोष्ट आणि चॉकलेट ही मिळवायची.

जेवणात काय, केव्हा आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवावं. खायचं की नाही आणि किती, हे मुलानं ठरवावं. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी मांडलेली ही वाटणी आता जगभर सांगितली जाते. आपल्याकडच्या आज्यांना ती पटत नाही, कारण मूल उपाशी राहील ही भीती खरी असते. त्यांच्यासाठी क्लारा डेव्हिस यांचा जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९२०च्या दशकात या अमेरिकन डॉक्टरांनी अंगावरचं दूध सुटण्याच्या वयाच्या बाळांसमोर साधे पदार्थ मांडून ठेवले: फळं, भाज्या, धान्य, अंडी, मांस, दूध. बाळानं बोट दाखवल्याशिवाय दाईनं भरवायचं नाही आणि कशाचंही कौतुक करायचं नाही. एक दिवस भलतंच खाणारी बाळं एकूण हिशेबात नीट वाढली. पण डेव्हिस यांनी स्वतःच बजावून ठेवलं की यातली खरी युक्ती पदार्थांच्या यादीत होती. त्या यादीत साखर नव्हती, गोड पुडे नव्हते. निवड मुलाची, पण यादी मोठ्यांची.

यादी बिघडते ती अधल्यामधल्या खाऊनं. जेवणाच्या अर्धा तास आधी बिस्कीट, दुपारी चिप्सचा पुडा, आणि ‘खाल्लं नाही म्हणून’ बाटलीभर दूध. वर्षाच्या पुढच्या मुलाला दिवसाकाठी साधारण अर्धा लिटर दूध पुरे होतं; त्याहून जास्त दुधानं पोट भरतं आणि लोह कमी पडतं. दोन खाण्यांमध्ये दोन-तीन तासांचं अंतर ठेवलं आणि चारच्या भुकेला पहिल्यांदा फळच समोर आलं, तर निम्मं काम होतं. फळाऐवजी रस देण्यातही अर्थ नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं दोन वर्षांखालील मुलांना फळांचा रस देऊच नये असं सांगितलं आहे. दोन ते पाच वर्षांत दिला तरी दिवसाला १२५ मिलिलिटरच्या आत. रस काढताना चोथा निघून जातो, गोडवा उरतो, आणि मूल चावायला शिकत नाही.

आता बोरन्हाणाबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण या विषयातली आपली सर्वांत चांगली रीत तीच आहे. संक्रांत ते रथसप्तमीच्या दिवसांत पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला पाटावर बसवायचं, काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालायचे, आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे ओतायचे. भोवतीची मुलं ते वेचायला झेपावतात. कुणी ‘खा’ म्हणत नाही. बोर केसांवरून घरंगळतं, मुठीत येतं, नाकाला लागतं, मोठी भावंडं ते खाताना दिसतात. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या एका विद्यापीठाच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच आढळलं: तीन-चार वर्षांची जी मुलं खऱ्या फळाभाज्यांशी हातांनी खेळली, त्यांनी नंतर जास्त फळाभाज्या चाखून पाहिल्या. आपली रीत त्याच्या कितीतरी आधीपासून हे करते आहे. हल्ली मात्र त्या परातीत चॉकलेटं आणि गोळ्याच जास्त पडू लागल्या आहेत, आणि सोलापूर जिल्ह्यात तरी हे व्हायला नको.

एक सावधानता मात्र हवीच. आठळीसकट बोर आणि शेंगदाणा लहानग्याच्या घशात अडकू शकतो. पाटावरच्या बाळानं बोर हातात घ्यावं, तोंडात घालू नये. खायला देताना आठळी काढूनच द्यावं. अख्खा शेंगदाणा पाच वर्षांच्या आत टाळलेला बरा. हाच नियम इतर फळांना लागू आहे. द्राक्ष उभं चिरून चार तुकडे करावेत. सीताफळाच्या आणि जांभळाच्या बिया मोठ्या माणसानंच काढाव्यात. वर्षा-दीड वर्षाच्या मुलाला डाळिंबाचे दाणे चमच्यानं चेचून द्यावेत, पेरू आणि सफरचंद किसून किंवा वाफवून. खाताना मुलाला बसवावं. पळताना किंवा मोटारसायकलवर समोर बसवून काहीही भरवू नये.

रोजच्या दिवसात बोरन्हाणाची युक्ती सोपी करून वापरता येते. केळ सोलायचं काम मुलाला द्या. डाळिंब फोडताना दाणे त्यालाच वाटीत टाकू द्या. हात लाल होतील, धुतले की झालं. स्वतः त्याच्यासमोर बसून फळ खा, कारण घरच्यांना खाताना पाहून मूल जेवढं शिकतं तेवढं सांगून शिकत नाही. दहीभातावर डाळिंबाचे चार दाणे, पेरूची दह्यातली कोशिंबीर, बिनसाखरेचं शिकरण, हे सगळं चालेल. फक्त रोज फळ लपवूनच देऊ नका, थोडं उघड्या रूपातही दिसू द्या.

पेरूबद्दल मुद्दाम सांगायचं ते असं. शंभर ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या आसपास ‘क’ जीवनसत्त्व असतं, संत्र्याच्या कितीतरी पट. हे जीवनसत्त्व ज्वारी-बाजरीतलं लोह अंगी लागायला मदत करतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत देशातली सहा महिने ते पाच वर्षांची दर १०० पैकी ६७ मुलं रक्तक्षयी आढळली. म्हणजे भाकरीबरोबर पेरूची एक फोड ही चैन नाही. ‘केळानं सर्दी होते, पेरूनं खोकला’ ही समजूतही सोडायला हवी. सर्दी विषाणूमुळे होते, फळामुळे नाही.

मूल फळ नाकारत असेल पण खेळतं-हसतं असेल आणि अंगणवाडीच्या कार्डावरची वजनाची रेघ वर जात असेल, तर घाबरू नका. वजन थांबलं असेल, प्रत्येक घट्ट घासाला ठसका लागत असेल, मोजकेच चार-पाच पदार्थ उरले असतील किंवा मूल पांढरंफटक दिसत असेल, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न घालवता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बाकी सर्वांनी येत्या बाजारातून हंगामाचं एकच फळ आणा, महिनाभर दर दोन-तीन दिवसांनी मुलाच्या हाताला येईल असं ठेवा, आणि तेवढ्या काळात त्याला एकदाही ‘खा’ म्हणू नका.