एक्केचाळिसाव्या वर्षी पदार्पण

बँकेत खाते उघडावयाचे असो वा कर्जासाठी अर्ज करावयाचा असो, जन्मतारखेचा रकाना प्रत्येक नमुन्यात असतोच. कर्जफेडीची मुदत किती द्यावी, ज्येष्ठ नागरिकांचा व्याजदर कोणास लागू होईल, हे ठरविताना तो रकाना पाहावा लागतो. व्यवहारात वयाचा हिशेब अपरिहार्य आहे. परंतु हळूहळू माणूस आपल्या इच्छांनाही तोच नियम लावू लागतो. गाणे शिकावयाचे राहिले, परीक्षा द्यावयाची राहिली. ‘आता या वयात काय?’ असे म्हणून तो विषय मिटवितो.

क्रिकेटमध्ये हा रकाना अधिकच कठोर असतो. पस्तिशी आली की खेळाडूच्या निवृत्तीची चर्चा सुरू होते. अशा खेळात वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी पदार्पण करणाऱ्या मुंबईकर प्रवीण तांबे यांच्या जीवनावर ‘कौन प्रवीण तांबे?’ हा हिंदी चित्रपट २०२२ साली प्रदर्शित झाला. जयप्रद देसाई यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात तांबे यांची भूमिका श्रेयस तळपदे यांनी केली आहे. २००५ च्या ‘इक्बाल’मध्ये भारतीय संघाचे स्वप्न पाहणारा तरुण गोलंदाज त्यांनीच साकारला होता. सतरा वर्षांनंतर त्यांच्या वाट्याला आलेला गोलंदाज मात्र वाट पाहता पाहता प्रौढ झालेला आहे.

तांबे यांचे स्वप्न एकच होते. मुंबईसाठी रणजी करंडकाचा एक तरी सामना खेळावा. मुंबईत कार्यालयीन क्रिकेटची मोठी परंपरा आहे. टाइम्स शील्डसारख्या स्पर्धेत बँका, कारखाने आणि व्यापारी कंपन्या यांचे संघ उतरतात. नोकरी सांभाळून खेळणाऱ्यांच्या या जगात, ओरिएंट शिपिंगसारख्या संघाकडून खेळत तांबे यांची उमेदीची वर्षे सरली. तेथे प्रेक्षक थोडे आणि प्रसिद्धी त्याहूनही थोडी. रणजीच्या संघात मात्र त्यांचे नाव येत नव्हते.

चित्रपटाचा उत्तम भाग या प्रतीक्षेचाच आहे. दिवसा मैदान मोकळे मिळावे म्हणून नायक रात्री बारमध्ये वेटरचे काम पत्करतो. आशिष विद्यार्थी यांनी रंगविलेले प्रशिक्षक त्यास मध्यमगती गोलंदाजी सोडून लेगस्पिन टाकण्याचा सल्ला देतात, तेव्हा त्यास तो प्रथम रुचत नाही. वर्षानुवर्षे जोपासलेले कौशल्य बाजूस ठेवून पुन्हा विद्यार्थी होणे कोणासही जड जाते. परंतु त्याचा पुढील मार्ग त्या बदलातूनच निघतो. अंजली पाटील यांनी साकारलेली पत्नीही लक्षात राहते. एकाने स्वप्न पाहिले तरी त्याची किंमत सारे घर मोजते, याची जाणीव हा चित्रपट करून देतो.

२०१३ साली राजस्थान रॉयल्सने तांबे यांना संघात घेतले. संघाचे कर्णधार राहुल द्रविड होते. ७ मे २०१३ रोजी जयपूर येथे तांबे आपला पहिला आयपीएल सामना खेळले, तेव्हा प्रथम श्रेणीचा एकही सामना त्यांच्या नावावर नव्हता. चित्रपटाचे नाव त्या वेळी अनेकांना पडलेला प्रश्नच होय. उत्तर लवकरच मिळाले. त्याच वर्षीच्या चॅम्पियन्स लीगमध्ये १२ बळी घेऊन ते स्पर्धेतील सर्वाधिक बळी घेणारे गोलंदाज ठरले. ५ मे २०१४ रोजी अहमदाबाद येथे कोलकाता संघाचा डाव बिनबाद १२१ वरून ६ बाद १२३ असा कोसळला, त्यात तांबे यांच्या हॅटट्रिकचा वाटा होता.

परंतु त्यांचे मूळ स्वप्न रणजीचे होते. तेही २०१३-१४ च्या मोसमात, बेचाळिसाव्या वर्षी पूर्ण झाले. पुढे २०२० साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ते कॅरिबियन प्रीमियर लीगमध्ये खेळणारे पहिले भारतीय ठरले.

वाट पाहणाऱ्या प्रत्येकास अशी संधी मिळतेच असे नाही. मुंबईच्या मैदानांवर तितक्याच निष्ठेने खेळलेले आणि अखेरपर्यंत अज्ञात राहिलेले खेळाडू कितीतरी असतील. म्हणूनच या कथेचा अर्थ केवळ अंतिम यशात शोधणे योग्य होणार नाही. संधी येईल की नाही, हे तांबे यांच्या हाती नव्हते. ती येईल त्या दिवशी चेंडू योग्य टप्प्यावर पडावा, एवढेच त्यांच्या हाती होते. त्यासाठी सराव करावा लागला, आणि तो त्यांनी कोणी पाहत नसतानाही सोडला नाही. आवर्ती ठेवीचा हप्ता भरताना खातेदारास त्या महिन्यात काहीच हाती लागत नाही, तरी तो हप्ता चुकवीत नाही. तांबे यांच्या सरावाची रीत याहून वेगळी नव्हती.

जन्मतारखेचा रकाना कोणासही बदलता येत नाही. मात्र ‘आता या वयात काय?’ असे म्हणून एखादी इच्छा मिटविण्यापूर्वी, तिच्यासाठी आपण अखेरचा सराव केव्हा केला होता, एवढे तरी प्रत्येकाने स्वतःस विचारून पाहावे.