ठिसूळ हाडांच्या बालकाचें संगोपन

कांहीं मुलें अशीं जन्मास येतात कीं, झबल्याच्या बाहींत हात घालतांना किंवा दुपट्यांतून उचलून घेतांनाच त्यांचें हाड मोडतें. पडणें नाहीं, आपटणें नाहीं. मूल एकाएकीं कळवळून रडूं लागतें आणि एक पाय हालवीनासें होतें. वैद्यकशास्त्रांत या विकारास ‘ऑस्टिओजेनेसिस इम्पर्फेक्टा’ असें लांबलचक नांव आहे. आपण त्यास ठिसूळ हाडांचा विकार म्हणूं. सुमारें १५ ते २० हजार जन्मांमागें एका मुलांत तो आढळतो. तेव्हां तो विरळा खरा. परंतु आपल्या देशांतील जन्मांची संख्या पाहिली असतां, रोज कोणत्या ना कोणत्या घरीं असें मूल जन्मास येत असलें पाहिजे.

हाड म्हणजे केवळ चुना नव्हे. खेड्यापाड्यांतून मातीची भिंत घालतांना चिखलांत गवताचे काड कालवितात, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. माती भिंतीस कठीणपणा देते. ती तडकूं नये म्हणून लागणारा चिवटपणा काडांचा असतो. हाडांतील कॅल्शियमचे क्षार ही ती माती होय, आणि कोलॅजन नांवाच्या प्रथिनाचे तंतु हे ते काड होत. हे तंतु कसे घडवावे याची आज्ञा ज्या जनुकांत असते त्यांत बिघाड झाला, म्हणजे तंतु अपुरे तरी निपजतात किंवा सदोष तरी निपजतात. म्हणूनच नुसतें दूध पाजून हा विकार जात नाहीं. हेंच प्रथिन शरीरांत इतरत्रहि असल्यामुळें पुष्कळ मुलांच्या डोळ्यांतील पांढरा भाग निळसर दिसतो, कांहींचे दांत पिंगट व झिजरे असतात, आणि कांहींना मोठेपणीं ऐकूं कमी येतें. बुद्धीस मात्र बाध येत नाहीं. १९७९ सालीं ऑस्ट्रेलियांतील डॉ. डेव्हिड सिलेन्स व त्यांचे सहकारी यांनीं या विकाराचे चार प्रकार पाडून दाखविले. त्यांतील सौम्य प्रकारांत जन्मभरांत थोडींच हाडें मोडतात, तर अति तीव्र प्रकारांत बालक जन्माच्या सुमारासच दगावतें.

विकाराचें नांव कळतांच घरांत पहिला प्रश्न निघतो तो दोष कोणाचा, हा. कोणी म्हणतें, आईनें गर्भारपणीं ग्रहण पाळलें नाहीं. कोणी म्हणतें, तिनें नीट खाल्लें नाहीं. दोन्ही गोष्टींचा येथें कांहीं एक संबंध नाहीं. आईबापांपैकीं एकास हा विकार असल्यास बहुतेक प्रकारांत प्रत्येक अपत्यास तो होण्याचा संभव निम्मा असतो. परंतु पुष्कळदां दोघेंहि निरोगी असून जनुकांतील बदल त्या मुलांतच नव्यानें झालेला असतो. याहून कठीण प्रसंग म्हणजे, निदान होण्यापूर्वीं वारंवार मोडलेलीं हाडें पाहून मुलास मारझोड होत असल्याचा संशय येणें. डॉक्टरांनीं तो घेणें हें त्यांचें कर्तव्यच आहे, कारण तशींहि मुलें त्यांच्यापुढें येतात. म्हणून निदान झाल्यावर तें स्पष्ट लिहिलेलें डॉक्टरांचें पत्र आईबापांनीं सदैव जवळ बाळगावें.

आतां हातांविषयीं. रुग्णालयांतील उपचार वर्षांतून थोडेच दिवस चालतात. बाकीचे सर्व दिवस मूल घरच्या माणसांच्या हातीं असतें, आणि माझ्या मतें या विकाराचा निम्मा उपचार त्या हातांतच आहे. आपल्याकडे न्हाऊ घालणारी बाई पाय लांब करून बसते, बाळास पायांवर घेते, तेल चोळून त्याचे हात छातीवर आडवेतिडवे ओढते आणि पाय धरून डोक्याकडे नेते. निरोगी बाळ यानें सुखावून झोपतें. ठिसूळ हाडांच्या बाळाची मांडी किंवा दंड अशाच वेळीं मोडण्याचें भय असतें. तेव्हां असें न्हाणें सर्वस्वीं वर्ज्य करावें. उथळ टबांत खालीं मऊ टॉवेल घालून कोमट पाण्यानें मातेनेंच स्नान घालावें.

बाळास बगलेंत हात घालून वर उचलूं नये, हात किंवा पाय धरून तर कधींच ओढूं नये. एक हात डोकें व खांदे यांखालीं, दुसरा कुल्ल्यांखालीं, बोटें फांकलेलीं, म्हणजे भार सर्वत्र सारखा वांटला जातो. लंगोट बदलतांना दोन्ही घोटे एका मुठींत धरून पाय वर करण्याची जी सवय बहुतेक घरीं असते, ती सर्वांआधीं सोडावी; कुल्ल्यांखालीं हात सरकवून कंबर किंचित् उचलावी व कपडा ओढून घ्यावा. झबलें पुढून बंदांचें व सैल बाह्यांचें असावें. हें सर्व आईस चार दिवसांत साधतें. अडचण येते ती आजी, मामा आणि शेजारी यांची, कारण त्यांचें प्रेम मुलास हात धरून झुलविण्यांतच व्यक्त होत असतें! त्यांनीं मुलास खुशाल घ्यावें; पण घेण्यास आधीं शिकावें.

औषधांत मोठा पालट १९९८ सालीं झाला. हाड हें सतत झिजत व भरत असतें. ही झीज मंद करणारें पॅमिड्रोनेट नांवाचें औषध शिरेंतून दिल्यानें कसा गुण येतो, हें कॅनडांतील माँट्रियल येथील डॉ. फ्रान्सिस ग्लोरियो व त्यांचे सहकारी यांनीं ३० मुलांवरील अनुभवावरून त्या सालीं प्रसिद्ध केलें. त्या मुलांची हाडें अधिक घन झालीं व वेदना कमी झाल्या. तेव्हांपासून या वर्गांतील औषधें कांहीं महिन्यांच्या अंतरानें देण्याचा प्रघात पडला आहे. तंतूंतील मूळ दोष त्यांनीं जात नाहीं. पहिल्या खेपेनंतर पुष्कळ मुलांना एकदोन दिवस ताप येतो. तो येणार हें आधीं ठाऊक असलें म्हणजे आई घाबरत नाहीं.

मांडीचीं व पायाचीं हाडें वारंवार मोडून वांकडीं झाल्यास शस्त्रक्रिया करावी लागते. अमेरिकेंतील डॉ. सोफील्ड व डॉ. मिलर यांनीं १९५९ सालीं वर्णिलेल्या रीतीनें वांकडें हाड अनेक ठिकाणीं कापून, तुकडे मण्यांप्रमाणें धातूच्या सळईवर ओवीत. पुढें एकांत एक सरकणाऱ्या सळया निघाल्या. मूल वाढतें तशी सळईहि लांबते. प्लास्टर असेल तेव्हां बोटांचा रंग पाहत जावा, प्लास्टर भिजूं देऊं नये आणि खाजेसाठीं आंत काडी घालूं नये.

येथवर आईबाप सर्व कांहीं प्रेमानें करतात. त्यांच्या हातून सुटतें तें पुढलें, कारण तें भीतीच्या विरुद्ध आहे. मोडलेलें हाड या मुलांतहि बहुधा नेहमींच्याच मुदतींत सांधतें; परंतु त्यानंतर ‘पुन्हां नको’ म्हणून मुलास महिनोन् महिने अंथरुणावर ठेवलें, तर न वापरलेलें हाड आणखी पातळ होतें, स्नायु दुबळे होतात, आणि पुढलें हाड अधिकच सहज मोडतें. भीतीनें भीतीचेंच कारण वाढतें. म्हणून प्लास्टर निघतांच डॉक्टर व व्यायामोपचारतज्ज्ञ यांच्या सल्ल्यानें हालचाल सुरू करावी. पाण्यांत अंगाचा भार हलका होतो, यास्तव तेथील व्यायाम फार मानवतो. मूल स्वतः सरकूं, बसूं पाहत असेल तर त्यास सरकूं द्यावें, आणि तें करीत असतां एखादें हाड मोडलेंच, तर त्यास रागें भरूं नये व स्वतःसहि बोल लावूं नये. हें लिहिणें सोपें आहे, हें मी जाणतों.

अशा मुलास शाळेंत पाठवावें कीं घरींच शिकवावें, असें पालक विचारतात. अवश्य पाठवावें. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधींच्या कायद्यानें, ठरविलेल्या प्रमाणांत अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास शेजारच्या शाळेंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला आहे. शाळेस फारसें करावें लागत नाहीं. वर्ग तळमजल्यावर असावा, पुस्तकांचा दुसरा संच शाळेंतच ठेवावा, आणि घंटेपूर्वीं पांच मिनिटें एका सोबत्याबरोबर मुलास बाहेर सोडावें, म्हणजे दारांतील रेटारेटी चुकते. विद्यार्थिमित्रांनो, असा सोबती तुमच्या वर्गांत आला तर त्यास पाठीवर थाप मारूं नका; पण खेळांत गुण मोजण्यास, पंच होण्यास त्यास जरूर बोलवा. तो पडला तर कोणीं हात धरून उभें करूं नये. एकानें शिक्षकांस बोलवावें, दुसऱ्यानें जवळ बसावें, आणि कसें उचलावें हें त्यालाच विचारावें. सहासात वर्षांचें मूलहि तें बहुधा नीट सांगूं शकतें.